आठ दिवसांची थंडी

सकाळी साडेदहाच्या सुमाराला पत्रा पहिल्यांदा वाजतो. टक्. मग जरा दम खाऊन, टक् टक्. अकरा वाजेपर्यंत वर कुणीतरी निवांत बोटं मोडत बसल्यासारखं सगळं छप्पर वाजायला लागतं. उष्णतेनं धातू प्रसरण पावतात, हे वाक्य मी नांदेडच्या एका शाळेत एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ते डोक्यावर घडताना कसं ऐकू येतं, हे कळायला मात्र निवृत्त होऊन भर मे महिन्यात अक्काच्या पत्र्याखाली येऊन पडावं लागलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भोकरच्या अलीकडे एका खेड्यात राहते. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून नातवंडांच्या शाळेसाठी भोकरला. गेली दोन वर्षं ती माझ्या घरी आलेली नाही. तिला न्यायला म्हणून मी आलो, तर माझ्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच तिनं अट सांगितली.

"आठ दिस राहा हितं. पत्र्याखाली. दुपारचं लिंबाखाली पळायचं न्हाई, भाच्याच्या घरी कूलरम्होरं जाऊन बसायचं न्हाई. राहिलास तर मी वाकळ घेते आन् निघते."

"आणि नाही राहिलो तर?"

"तर काय? यष्टी हायच की चार वाजता."

आज पाचवा दिवस. अक्काच्या मते चौथा, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी मी लघवीचं निमित्त करून लिंबाखाली पाऊण तास उभा होतो. परत आलो तर ती दारातच. "लई मोठी लागली हुती," एवढंच म्हणाली आणि तो दिवस तिनं धरला नाही. पाठीवर घामोळं असं उठलंय की शाळेत मी भिंतीला लावायचो तो उठावाचा नकाशा आता मीच आहे. अक्का समोर बसून तूरडाळ निवडतेय. मधेच मान वर करून माझ्याकडं बघते, आणि तिला बरं वाटतं. ते ती लपवतही नाही.

मे महिना दर वर्षी येतो, त्याचं काही मी करू शकत नाही. आधी कूलरच्या नव्या वाळ्याचा वास येतो, मग डांबर चपलेला धरून ठेवायला लागतं. वरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळातून असं येतं की नुसती पत्ती टाकायची बाकी राहते. रस्त्यावरची कुत्री गटाराच्या कडेला पोट टेकून पडतात आणि आपण जवळून गेलो तरी भुंकत नाहीत, नुसती बघतात, तूही का, असं. या सगळ्याचा दर वर्षी मला नुसता त्रास व्हायचा. यंदा त्यात लाजही आहे. कारण दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी पृथ्वीचं तापमान कमी करायला घेतलं होतं.

त्याचं खरं कारण पृथ्वी नव्हती. त्या मार्चमध्ये मी निवृत्त झालो होतो. वर्ग सुटलेला मास्तर फार धोकादायक प्राणी. त्याला तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की आता कुणी उठून उभं राहत नाही. मग तो घरात वर्ग भरवतो. माझ्या वर्गात एकच विद्यार्थिनी होती, माझी बायको सुनंदा. फ्रीजच्या दारावर मी नियमांचा कागद चिकटवला. अंघोळ एका बादलीत. ते पाणी झाडांना. वरण एका शिट्टीत गॅसवरून उतरवायचं आणि भांडं जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायचं, ते आपोआप शिजतं. भाजीला कापडी पिशवी. नवीन कपडा वर्षभर नाही. मटण महिन्यातून एकदा. खोलीबाहेर पडताना दिवा आणि पंखा बंद. हा शेवटचा नियम मी इतक्या निष्ठेनं पाळला की दोनदा सुनंदा न्हाणीघरात असताना दिवा बंद करून गेलो.

यातला एकही नियम चुकीचा नव्हता, हे मला आजही वाटतं. चुकीचा त्यांच्यामागचा माणूस होता. स्कूटर सोडून मी सायकल घेतली. पण स्कूटर विकली नाही, पुतण्याला दिली. मी दिवसातून एकदा मंडईत जायचो, तो दिवसातून सात वेळा कुठंही जातो. वरण चादरीत गुंडाळलं ते पहिल्या दिवशी कच्चं राहिलं म्हणून पुन्हा गॅसवर चढवलं, दुसऱ्या दिवशी आंबलं म्हणून टाकून दिलं. आणि मग, नियमांच्या कागदाला शोभेल असं काहीतरी मोठं करावं म्हणून, मी एसी विकला.

शेजारच्या मामीडवार शेठना विकला. ते आनंदानं घेऊन गेले आणि त्याचा बाहेरचा डबा त्यांनी आमच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर बसवला. आता आमचाच एसी आमच्या खोलीत गरम वारा फेकायला लागला. पृथ्वी जेवढी तापत होती तेवढीच तापत राहिली. फरक एवढाच पडला की त्यातली थंडी मामीडवारांकडं गेली आणि गर्मी आमच्याकडं आली.

सुनंदा त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "अहो, पण अक्का यायच्यात ना?"

मी म्हटलं, "अक्काला कशाला लागतो एसी? ती खेड्यातली."

अक्का दर वर्षी अक्षय्य तृतीया झाली की चार दिवसांनी यायची. आठ दिवस राहायची. वर्षातून तेवढेच. या आठ दिवसांत तिला काय हवं असायचं, ते मला तोंडपाठ होतं. अकराला आमरसाचं जेवण. मग आतल्या खोलीत जाऊन ती पलंगावर मांडी घालून बसायची, एसीकडं तोंड करून. रिमोटला हात लावायची नाही. "लाव," म्हणायची. मी लावायचो. "अठरा कर." मी अठरा करायचो. मग ती भिंतीवरून तोंडावर येणारा वारा डोळे मिटून घेत बसायची, आणि खोली चांगली गार झाली की कपाटातून रजई काढून गळ्यापर्यंत पांघरायची. नाक तेवढं बाहेर.

"अगं, मग एसी कशाला लावायचा? बंद कर आणि रजई काढ," मी एकदा म्हटलं होतं.

"तुला न्हाई कळायचं," ती म्हणाली. "मे महिन्यात थंडी वाजून राहिलीय मला. मला! हे घरी जाऊन सांगितलं तर बाया खोटी म्हणतेत."

नाक गार झालं की तिला झोप यायची. झोपायच्या आधी तासभर बोलायची. माझ्या मॅट्रिकच्या उन्हाळ्याचं तर हमखास. मी ओसरीवर भूगोल पाठ करायचो आणि ती मागं बसून सुपानं वारा घालायची, माझ्या डोक्यावर ओली दस्ती टाकून. तिची शाळा चौथीतच सुटली होती. पण दख्खनच्या पठाराच्या सीमा तिला माझ्याआधी पाठ झाल्या. "पश्चिमेस सह्याद्री," रजईतून ती म्हणायची, आणि झोपून जायची. तिच्या हातचा वारा खाऊन मी मास्तर झालो. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात असणं यात बरंच अंतर असतं.

त्या वर्षी ती आली ती काखेत मोठं गाठोडं घेऊन. गाठोड्यात वाकळ होती. नवी कोरी. म्हणजे कापड सगळं जुनं, शिवण नवी. आमच्या आईची दोन लुगडी, अक्काची स्वतःची तीन-चार, सुनंदानं टाकलेल्या साड्या, मधे माझ्या एका धोतराचं अस्तर. दुहेरी, जाड, हाताला भाकरीसारखी जड. कडेनं बारीक टाके मुंग्यांच्या रांगेसारखे.

"तुमची रजई नायलानची हाय," ती सुनंदाला म्हणाली. "अंगावरून घसरती. म्हणलं आपली शिवावी. तीन महिने शिवून राहिले हुते. खास एसीची."

आणि वाकळ घेऊन ती आतल्या खोलीत गेली. भिंतीवर चार भोकं होती आणि एक पांढरा चौकोन. ती त्या चौकोनाकडं बघत उभी राहिली. मी मागून, दारातून, अतिशय प्रसन्न आवाजात सगळं समजावून सांगितलं. हवेत साचणारा धूर, वितळणारा बर्फ, आपलं कर्तव्य. अशा वेळी माझा आवाज नववी ब च्या वर्गासारखा होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग आता हितं काय हाय?"

"पंखा आहे ना. आणि खिडकी."

खिडकीतून मामीडवारांचा डबा गरम वारा टाकत होता. अक्कानं तो हातावर घेऊन बघितला, चुलीची धग बघतात तसा. मग वाकळ घडी न मोडता फरशीवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकून आडवी झाली. एवढी जाड वाकळ, उशी म्हणून उंच होत होती. मान वाकडी करून ती झोपायचा प्रयत्न करत राहिली. मी दिवा बंद केला, नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या प्रबोधनाला लागलो. माझ्या मोबाईलवर एक फॉर्म होता. आपल्या रोजच्या सवयी भरायच्या, मग तो सांगतो की आपल्यामुळं हवेत किती धूर जातो. माझा आकडा बघून मी स्वतः दोन दिवस जेवलो नव्हतो. म्हटलं, अक्काचा काढू.

"अक्का, गाडी कुठली?"

"यष्टी."

"विमानानं वर्षातून किती वेळा?"

"वरून जाताना दिसतं की. कदी कदी दोन."

"फ्रीज?"

"माठ."

"वॉशिंग मशीन?"

तिनं दोन्ही हात पुढं केले. मी सगळीकडं शून्य भरत गेलो. शेवटी बटण दाबलं तर फॉर्म म्हणाला, माहिती अपूर्ण आहे, कृपया पुन्हा भरा. पुन्हा भरली. पुन्हा तेच. एवढा कमी माणूस त्या फॉर्मला मान्यच नव्हता. मला इतकं हसू आलं की सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अक्का," मी म्हटलं, "तू अपूर्ण आहेस! यंत्र म्हणतंय, असं माणूसच नसतं!"

अक्का हसली नाही. "आसंल," म्हणाली.

आज पत्र्याखाली पडून मी इकडं तिकडं बघतो, तर माझ्या फ्रीजवरचा सगळा कागद या दोन खोल्यांत मांडून ठेवलेला आहे. अंघोळ अर्ध्या बादलीत, आणि ते पाणी पुदिन्याच्या वाफ्याला. भाजीच्या देठांचं खत. पिशवी जुन्या धोतराची. भाकरी झाली की चुलीतल्या उरल्या निखाऱ्यावर वरण ठेवून देते, ते शिजतं, आंबत नाही. पण माझ्या यादीत मी ज्याला सवय म्हणत होतो, त्याला इथं अडचण म्हणतात. वीज नाही म्हणून दिवा बंद. पाणी नाही म्हणून बादली अर्धी. तिनं कशाचाही त्याग केलेला नाही. सोडायला तिच्याकडं काही आलंच नव्हतं. वर्षातले आठ दिवस तेवढे आले होते. तेही तिच्या नावावर नव्हते, माझ्या भिंतीवर होते. कमी करायला बसलो तेव्हा घरात माझं पुष्कळ होतं. मी तिचं कमी केलं.

मला हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, असं लिहायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा कळलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, भर सभेत. म्हणूनच मी त्यानंतर जे केलं ते केलं.

ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय, धूर कमी करण्याचे घरगुती उपाय. मी अक्काला घेऊन गेलो, चालत, कारण सायकलवर ती बसेना. वाटेत तिला सांगितलं नव्हतं, पण माझ्या मनात होतं की शेवटी तिला मंचावर बोलवायचं. नकाशा दाखवतात तसं दाखवायचं. ही बघा, शून्य.

आणि त्या हॉलला एसी होता. चार. कागदी कपातून सगळ्यांना चहा दिला जात होता आणि मी पर्यावरणावर बोलणार होतो. अक्का आत शिरली, थबकली, वर बघितलं, आणि सरळ जाऊन एसीच्या खालच्या खुर्चीत बसली. पाय वर घेतले. पदर डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढला. माझ्या व्याख्यानाची पहिली दहा मिनिटं तिनं तोंड वर करून काढली आणि पुढची चाळीस गाढ झोपेत.

शेवटी मी तिला उठवून मंचावर बोलावलं. फॉर्मचा किस्सा सांगितला. अपूर्ण माणूस! लोक खूप हसले, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी तिच्या हातात नारळाऐवजी एक रोप दिलं आणि माईक पुढं केला. "बोला आज्जी, दोन शब्द बोला."

अक्कानं माईक भाकरीच्या उलथन्यासारखा धरला.

"काय बोलू? हितं लई बरं वाटून राहिलं. गार हाय. माह्या भावाच्या घरी बी आसंच गार असायचं. वर्षभर वाट बघायची मी. यंदा त्यानं थंडी इकली." माझ्याकडं बोट केलं. "जगात गर्मी वाढलीय म्हणून सांगून राहिला सारखा. आसंल बाबा, तो शिकलेला हाय. पर ती गर्मी मी केली व्हय?"

हॉल असा हसला की मागच्या रांगेतले दोन म्हातारे खोकायला लागले. अध्यक्ष डोळे पुसत होते. माझ्या नावाची शाल पण कुणाला आठवेना.

घरी येताना मी सायकल हातानं ढकलत पुढं, ती रोप धरून मागं. चाक टक् टक् वाजत होतं. रस्ता अजून तापलेला होता आणि माझ्या कानात ते हसू होतं. लाज वाटली की माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर कुणाला तरी मारतो. मी वळून म्हटलं, "आयुष्यभर पत्र्याखाली राहिलीस. आठ दिवस एसी नाही मिळाला तर काय मरणार होतीस?"

ती थांबली. पदर नीट केला.

"न्हाई," म्हणाली. "मरत न्हाई."

आणि चालायला लागली. पुढं, माझ्या आधी.

सकाळी तिचं गाठोडं बांधलेलं होतं. आठातले तीन दिवस झाले होते. सुनंदानं बोळवणीसाठी साडी आणली होती, माझ्या नकळत. ती तिनं बाहेर काढली तेव्हा मी म्हटलं, नवीन कपडा नाही असं ठरलंय ना. माझा राग अजून उतरला नव्हता आणि नियम हाताशी होता. सुनंदानं साडी तशीच पलंगावर टाकली आणि आत निघून गेली. मग मी अक्काच्या पदरात पाच बीजगोळे घातले. व्याख्यानात वाटायला आणले होते, मातीत कडुलिंबाचं बी घालून वळलेल्या गोळ्या.

तिनं एक उचलून बघितली. "माती हाय?"

"आत बी आहे. अंगणात टाक, झाड येईल."

"माहेरातून माती घेऊन जायची रीत कदी निघाली रे, परभ्या?"

मी काहीतरी उत्तर दिलं. चांगलंच दिलं असणार. तिनं पदराला गाठ मारली आणि गेली.

पुढच्या मे महिन्यात मला मोबाईलवर फोटो आला. पाठवणारा आमचा धाकटा भाऊ दिलीप. तो लातूरला असतो, क्लासवाल्यांच्या गल्लीत त्याचं तीन मजली घर आहे, पोरांना खोल्या भाड्यानं देतो. त्याच्या दिवाणखान्यात माणूस नसला तरी एसी चालू असतो, सोफ्याला उकडू नये म्हणून. फोटोत एक पलंग होता, त्यावर वाकळ, आणि वाकळीच्या वरच्या कडेला एक नाक. खाली दिलीपनं लिहिलं होतं, अक्का हिवाळ्यात. आमच्या आईची दोन लुगडी आणि माझं धोतर मी त्या फोटोत ओळखलं. ते सगळं थंडीत होतं.

आमच्या घरी एसी परत आलाय. सुनंदानं आणला. "तुमच्या वर्गात आता मी बसत नाही," म्हणाली आणि फ्रीजवरचा कागद काढून त्यात मिरच्या बांधल्या. आता आमचा डबा मामीडवारांकडं गरम वारा फेकतो आणि त्यांचा आमच्याकडं. मी लगेच अक्काला फोन केला, "अक्का, एसी घेतला गं, मोठा." ती म्हणाली, "आरं वा. आन् त्या पिरथमीचं काय झालं मग?" आणि फोन ठेवला.

काल दुपारी दोनच्या सुमाराला मला खरोखर भोवळ आली. पत्रा वाजायचा थांबला होता. सगळा ताणून झाला की तो वाजत नाही, नुसता धग टाकत बसतो. जीभ टाळूला चिकटलेली. मी म्हटलं, "अक्का, मरतो गं मी."

ती उठली. माठातलं पाणी घेतलं, दस्ती भिजवली, पिळली नाही, तशीच माझ्या टाळूवर ठेवली. पाणी कानामागून पाठीत उतरलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी उतरायचं तसंच. सूप घेऊन ती मागं बसली आणि वारा घालायला लागली. मी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. झालं गेलं सगळं.

मग मागून, वाऱ्याबरोबर, तिचा आवाज आला. अगदी सावकाश.

"आयुष्यभर शाळेच्या पंख्याखाली राहिलास. आठ दिस न्हाई मिळाला तर काय मरणार हुतास?"

दोन वर्षं तिनं ते वाक्य जपून ठेवलं होतं. पत्र्याच्या जागी पंखा घातला, बाकी एक काना, एक मात्रा हलू दिली नव्हती. सूप मात्र थांबलं नाही.

इथपर्यंत मी तिथं लिहिलं, अक्काच्या नातवाच्या पाठकोऱ्या वहीत. पुढचं नांदेडच्या स्टँडवर बसून लिहितोय.

आठ दिवस मी राहिलो. तिच्या मोजणीनं आठ, माझ्या पाठीच्या मोजणीनं नऊ. निघायच्या सकाळी तिनं अंघोळ केली, माठ पालथा घातला, वाकळ गाठोड्यात बांधली आणि दाराला कुलूप लावलं. मी गाठोडं उचललं. मला एवढा आनंद झाला होता की गाठोड्याचं वजन लागलं नाही. सुनंदाला फोन केला, खोली गार करून ठेव, अठरावर.

गाडी लातूरची होती, नांदेडवरून जाणारी. कंडक्टर आला. मी म्हटलं, "दोन नांदेड."

"एक नांदेड," अक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "आन् एक लातूर. बायाचं, अर्धं."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी अक्काकडं.

"अक्का, आपण नांदेडला चाललोय."

"तू चाललास. मी दिलपाकडं चालले. त्यानं खोली गार करून ठिवलीय."

"मग मी आठ दिवस कशाला राहिलो?"

"मला काय ठावं? मी म्हणलं वाकळ घेते आन् निघते. निघाले न्हाई का?"

कंडक्टर हसला आणि दोन तिकिटं फाडून पुढं गेला. खिडकीतून तापलेला वारा आत येत होता. थोड्या वेळानं तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तासभर मी खांदा हलवला नाही. माझ्या खांद्यालाही घामोळं आहे.

नांदेडला उतरलो. तिच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. "अक्का, चल ना गं. एकच दिवस."

"हात कर पुढं," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर पाच गोळ्या ठेवल्या. दोन वर्षं डब्यात ठेवल्या असाव्यात. जिरं आणि हळदीचा वास येत होता.

"आंगणात टाक म्हणला हुतास. उन्हाळ्यात प्यायला पाणी कुठं आसतं माह्याकडं? ह्याला कुठलं घालू? तुह्याकडं नळ हाय."

गाडी हलली. तिनं मागं वळून बघितलं नाही. वाकळीचं गाठोडं मांडीवर नीट करत होती.

मी मूठ मिटून बाकावर बसलोय. घरी सुनंदानं खोली अठरावर करून ठेवली असेल. मघाशी मूठ उघडली तर घामानं माती सुटायला लागली होती आणि एका गोळीतून बी बाहेर आलं होतं. नखानं दाबून बघितलं. पोकळ. नुसतं टरफल. कडुलिंबाचं बी फार दिवस टिकत नाही, हे मला माहीत होतं. आठवीच्या वर्गाला मी ते सांगितलेलं आहे. ते अक्काच्या डब्यात मेलं, की मी तिच्या पदरात घातलं तेव्हाच मेलेलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही. उरलेल्या चार मी फोडून बघितल्या नाहीत.